पागाला बांधलेली मेडलं

इंग्रजांच्या राजाने दिलेल्या मेडलांनी बोया मासे पकडणारा माणूस साऱ्या वसईत एकच होता, आणि तो आमच्या कुंपणापलीकडे राहायचा. पाग म्हणजे खाडीत हाताने फेकायचं गोल जाळं. जाळं झटकन तळाला बसावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात. सोजीरबाबाच्या पागाला त्या गोळ्यांच्या मधे मधे तीन मेडलं बांधलेली होती. पाचूबंदरच्या ज्या कोळ्याकडून त्याने तो पाग विणून घेतला, तो म्हणे आधी तयारच होईना. "अरे, राजाचं तोंड हाय याच्यावर," असं तो म्हणाला. सोजीरबाबा म्हणाला, "म्हनून तर. जरा चिखल खाऊ दे त्याला." मेडलांच्या रंगीत फिती पुतण्याच्या मुलीच्या वेण्यांना गेल्या आणि ती पोर ते शेंबडं नाक वर करून शाळेत मिरवायची.

त्याचं खरं नाव पास्कू. सोजीर हे नाव गावाने दिलं, कारण मोठ्या लढाईच्या काळात तो इंग्रजांच्या पलटणीत होता. आमच्याकडे घरच्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो, म्हणून मीही त्याला तोच म्हणते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मी आरती ओवाळायला बसले आहे. हा माणूस मला फार आवडायचा, आणि त्याने मला जितकं छळलं तितकं माझ्या वर्गातल्या उनाडातल्या उनाड पोरानेही छळलं नाही. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याच्याशी भांडण सुरूच आहे माझं.

आता बुटांचं घ्या. दर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून तो काळे बूट चकचकीत करायचा. थुंकी लावून, फडकं गुंडाळून, असे की त्यात वाटलं तर भांग पाडून घ्यावा. रविवारी सकाळी ते बूट घालून खाड् खाड् करत मिस्साच्या प्रार्थनेला निघायचा. आणि देवळाच्या आवारात शिरायच्या आधी, बाहेरच्या क्रुसापाशी, बूट काढून ठेवायचा आणि अनवाणी आत जायचा. आमच्या देवळात चपला-बूट घालून जायला कोणाची ना नसते. सगळं गाव पायात घालून बसलेलं, आणि हा एकटा थंड लादीवर भेगाळलेल्या टाचा घेऊन. फादर एकदा म्हणाले, "पास्कू, देवाला बूट चालतात." हा म्हणाला, "देवाला चालतात, फादर. मला चालत नाय."

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलला. लढाईच्या वेळी जावा बेटावर असताना, दडलेली माणसं शोधायला म्हणून, त्यांची तुकडी तिथल्या लोकांच्या मशिदीत शिरली होती. दाराशी बाहेर माणसांच्या चपला ओळीने लावून ठेवलेल्या. ह्यांनी त्या तुडवल्या आणि बुटांसकट आत गेले. "आत कोन नव्हतं, बाय. एक डोकरा व्हता. तो आमच्या तोंडाकडं नाय, पायांकडं बघत व्हता." एवढं बोलून तो बुटाला फडकं मारायला लागला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हा लोकांना हुकूम होता ना?" बस, डोकं फिरलं त्याचं. फडकं आपटून आत निघून गेला.

हुकूम हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोयच नव्हती. एकदा कोणी मंत्री येणार म्हणून पंचायतीच्या शिपायाने एसटी थांब्यासमोरच्या मासळीवाल्या बायकांना उठवलं. नुसतं उठवलं नाही, एकीची पाटी लाथेने उलटी केली. कोलंबी सगळी धुळीत. बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या आणि तो आपला एकच सांगत होता, "माझ्यावर कशाला ओरडता? मला वरून हुकूम आहे." सोजीरबाबा खाडीवरून पाग खांद्यावर टाकून येत होता. तो शिपायासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हुकूम कानात येतो रे बाबा. पाय आपला असतो." मग खाली बसून कोलंबी वेचायला लागला. शिपाई आधी हसला, मग घुटमळला, मग तोही वेचायला बसला.

मी गावच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेत जगाचा एक मोठा कापडी नकाशा होता, कडेला वाळवीने खाल्लेला. एका दुपारी शाळा सुटल्यावर सोजीरबाबा दारात उभा. "मास्तरीनबाय, ह्याच्यात जावा कुठं हाय?" मी दाखवलं. तो बराच वेळ बोटाने वसईपासून तिथवर समुद्र मोजत राहिला. मग म्हणाला, "आता कसं हाय तिथं? डच परत बसले काय?"

मी सांगितलं, "नाही बाबा. ते लोक कधीचे स्वतंत्र झाले. आपल्यानंतर थोड्याच वर्षांत."

"म्हनजे आमी हरलो."

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला. "लय बरं झालं." आणि खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. लढाई हरल्याबद्दल गोळ्या वाटणारा शिपाई मी त्याच्याआधी पाहिला नाही आणि नंतरही नाही.

ती हकिगत अशी. जपान्यांबरोबरची लढाई संपली तेव्हा ह्याची पलटण घरी यायला निघायची वाट बघत होती. बोटीत चढले ते नाचत चढले. बोट गेली जावाला. तिथले लोक म्हणत होते, आमच्यावर तीनशे वर्षं डचांनी राज्य केलं, आता पुरे. डचांचं अजून सैन्य जमलेलं नव्हतं, म्हणून त्यांची गादी सांभाळायला इंग्रजांनी हिंदी शिपाई पुढे घातले. समोर कोण, तर बांबूला टोकं काढून आलेली पोरं. सोजीरबाबा सांगायचा, "भिंतीवर आमच्यासाठी लिवून ठेवलं व्हतं. आमच्यातल्या एका शिकलेल्यानं वाचलं. तुमीबी गुलाम, आमीबी गुलाम, मग आमच्यावर बंदूक का?" दुसऱ्या दिवशी ती भिंत चुन्याने पांढरी केली, पलटणीतल्याच दोघांनी.

त्याच्याबरोबर आमच्या गावचा दुसरा एक पोरगा होता, इनास. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच ओढीने, पगाराच्या आणि पोटभर जेवणाच्या. इनास जावाहून परत आला नाही. त्याची आई रोजाबय आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. एकुलता एक मुलगा गेलेला, कबर कुठे आहे ते ठाऊक नाही, आहे की नाही तेही ठाऊक नाही.

दोन नोव्हेंबरला आमच्यात सगळ्या मृतांचा दिवस पाळतात. घरोघरची माणसं कबरस्तानात जातात, कबरी सारवतात, झेंडूची फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. रोजाबयने सारवायचं काय? तर ती नाक्यावरच्या क्रुसाच्या पायथ्याशी दरवर्षी मातीची एक कबर करायची. हातभर लांब, वीतभर रुंद, पाळण्यातल्या पोराची असावी तेवढी. तिच्यावर झेंडू, तिच्यावर मेणबत्ती. दुसऱ्या दिवशी ती माती पोरं तुडवायची, कोंबड्या उकरायच्या, तिला त्याचं काही नसायचं. त्या कबरीला लागणारी माती सोजीरबाबा आपल्या केळीच्या वाडीतून टोपलीत भरून आणायचा. ती म्हणायची, "पास्कूच्या वाडीची माती बरी. इनास तिथंच खेळायचा." हा माती ओतायचा, ती थापायची. तिसरं कोणी हात लावायचं नाही.

इनास कसा गेला ते गावात लहान पोरालाही माहीत होतं. रोजाबयच सांगायची. जखमी होऊन पडलेल्या शत्रूने पाणी मागितलं, इनासने कमरेची बाटली सोडली, त्याच्या तोंडाला लावली, आणि तेवढ्यात समोरच्या घरातून गोळी आली. "माझा पोर पानी पाजताना गेला," असं ती म्हणायची. पलटणीतून परत आल्यावर सोजीरबाबानेच तिला सांगितलं होतं हे. त्या एका वाक्यावर ती बाई तीस वर्षं जगली.

मग तो दगड आला, आणि सगळं बिनसलं.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गावचा एक मुलगा पडला होता. त्याच्या नावाने काहीतरी करायचं असं गावात पाच-सहा वर्षं नुसतं चाललं होतं. आमच्या गावात ठराव व्हायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो काम व्हायला. अखेर सरपंचांनी मनावर घेतलं. नाक्यावर, क्रुसाच्या बाजूला, काळ्या दगडाची उभी शिळा बसवायची आणि त्यावर गावातून लढाईत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची. आमदार उद्घाटनाला येणार. लिहिण्यावाचण्याचं काम म्हणून कमिटीची चिटणीस मी. दगड आला, पाथरवट आला, आणि नावं ठरवायला शाळेच्या ओसरीवर सभा बसली.

एकाहत्तरचा मुलगा सर्वांत वर, त्याबद्दल वाद नव्हता. मोठ्या लढाईत आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात मेलेले दोघे होते, तेही ठरले. खाली इनासचं नाव आलं आणि नाईकगुरुजी उठले. गुरुजी बेचाळीसला तुरुंगात गेलेले, आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, मला बाराखडी त्यांनीच शिकवलेली. ते शांतपणे बोलले, हीच तर पंचाईत होती. "आधीचे दोघे इंग्रजांच्या नोकरीत मेले, पण निदान हिटलर आणि जपान्यांविरुद्ध मेले. मी गप्प बसलो. हा पोरगा कोणाविरुद्ध मेला? जे आपल्यासारखेच स्वातंत्र्य मागत होते त्यांच्याविरुद्ध. माझ्या पाठीत लाठी घालणारा शिपाईही मराठीच बोलत होता, पोटासाठीच नोकरीला होता. उद्या त्याचंही नाव कोराल का?"

रोजाबय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "गुरुजी, मला मान नको. मला जागा पायजे. माझ्या पोराला जगात कुठंबी जागा नाय."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं. सरपंच हुशार माणूस. त्यांनी लगेच तोडगा काढला. लढला वगैरे लिहायचंच नाही. इनासच्या नावापुढे कोरायचं: 'तहानलेल्या शत्रूला पाणी पाजताना देह ठेवला.' "गुरुजी, ह्याला तर तुमची हरकत नाही ना?" गुरुजींनी मान हलवली. नाही. माणुसकीला हरकत नाही. रोजाबयने पदर तोंडाला लावला. झालं होतं हो सगळं! मी कागदावर वाक्य उतरवून घेत होते. सगळे उठायच्या बेतात होते.

मागून सोजीरबाबाचा आवाज आला. "लिवा. पन तहानेला कोनी केला व्हता, तेबी लिवा."

सगळे मागे वळले. तो खांबाला धरून उभा होता. "त्या पोराला गोली आमी घातली व्हती. हातात बांबू व्हता त्याच्या. पंधरा-सोला वर्सांचा असंल. गोली लागली की मानसाला तहान लागते, गुरुजी. मग पानी मागितलं त्यानं."

रोजाबय त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे अर्धं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती काठी टेकत उठली आणि कोणाला काही न बोलता ओसरी उतरून गेली. पुढे अर्थातच रणधुमाळी. गुरुजी म्हणाले, मग नाव नाही. सरपंच म्हणाले, बांबूही हत्यारच आहे. कोणी म्हणालं, सोजीरला विचारलं होतं कोणी? उद्घाटनाचा दिवस तोंडावर आला, पाथरवटाने वरची तीन नावं कोरली आणि खाली वीतभर जागा मोकळी सोडली, नंतर बघू म्हणून. आमदार आले, ढोल वाजले, त्या मोकळ्या जागेवर हाराचं टोक लोंबत होतं.

त्या संध्याकाळी मी तरातरा त्याच्या अंगणात गेले. तो पाग फाटलेला शिवत बसला होता. मी म्हटलं, "बाबा, तुला गप्प बसायला काय झालं होतं? दोन मिनिटं! दोन मिनिटांत सभा उठली असती. म्हातारीला जागा मिळाली असती. गुरुजीसुद्धा तयार झाले होते!"

"म्हनून तर बोललो," तो म्हणाला. "गुरुजी खोट्याला तयार झाले."

"खोटं कुठे होतं त्यात? पाजलं ना त्याने पाणी?"

"पाजलं. पानी पाजलं म्हनून गोली माघारी जाते काय?"

"अरे पण तुम्ही पोरं होता! पोटासाठी गेलात. तुम्हाला काय ठाऊक बोट कुठे चालली आहे?"

"तोबी पोरच व्हता," असं म्हणून त्याने सुतळी दाताने तोडली. मग म्हणाला, "गोली आमी दोघांनी झाडली, बाय. कोनाची लागली ते देवाला ठावूक. पन पानी घेऊन तो गेला. मी नाय गेलो. मी भिंतीच्या आड बसून व्हतो. म्हनून मी हितं तुझ्यासंगं बोलतोय."

माझा राग काही जाईना. मी म्हटलं, "आणि रोजाबयचं काय? तिला काय मिळालं ह्या सगळ्यातून?"

त्याने नवी सुतळी ओवून घेतली. "तिला अर्धंच सांगितलं व्हतं मी. आईला अर्धं पुरतं. दगडाला नाय पुरत. दगड उद्याची पोरं वाचनार."

"म्हणजे नाव नकोच म्हणतोस तू."

"मी कुठं नको म्हनतो? रडायला कोन नाय म्हनतो? रडा की. त्याच्यासाठी मीबी रडतो. ढोल कशाला वाजवता?"

सांगा, अशा माणसाशी बोलायचं कसं? नाव कोरा म्हणणार, पण मान देऊ नका म्हणणार. गुरुजींचं खरं म्हणणार आणि रोजाबयचंही खरं म्हणणार. ह्याच्या डोक्यात होतं ते दगडावर कोरायला अख्खा डोंगर लागला असता, आणि माझ्याजवळ वीतभर जागा होती. मी पाय आपटत घरी आले आणि भाकरी करपवली.

त्या नोव्हेंबरला सोजीरबाबा नेहमीसारखा टोपली भरून माती घेऊन क्रुसापाशी आला. रोजाबयने टोपलीकडे पाहिलंही नाही. ती स्वतःच्या दारातली माती ओच्यात घेऊन आली होती, मुरमाड, खडे असलेली. ती थापली जाईना, सारखी ढासळत होती. तो टोपली हातात धरून उभा राहिला. बूट काढलेले. शेवटी ती माती त्याने परत वाडीत नेऊन केळीच्या बुंध्याला ओतली. पुढल्या वर्षीही तसंच, त्याच्या पुढल्या वर्षीही तसंच. मी त्याला म्हटलं, "कशाला जातोस अपमान करून घ्यायला?" तर म्हणाला, "माती आनायचं काम माजं हाय. घ्यायची का नाय ते तिचं." रोजाबयला सांगायला गेले तर ती म्हणाली, "त्याला सांग, तीस वर्सं का गप र्‍हायला? आनि र्‍हायला तर मग मरेपर्यंत का नाय र्‍हायला?" दोघांच्या मधे मी, आणि दोघेही खरं बोलत होते. ह्या जगात दोन माणसं एकाच वेळी खरी असली की तिसऱ्याचं मरण असतं.

गावाने मात्र सोजीरबाबाला सोडलं नाही. इंग्रजांचं खाल्लं, म्हणून एका बाजूने शिव्या. गावच्या शहिदाचं नाव बुडवलं, म्हणून दुसऱ्या बाजूने. मे महिन्यात नाक्यावरच्या क्रुसापाशी लादीन म्हणजे प्रार्थना व्हायची, नंतर उकडलेले चणे वाटायचे. पोरं त्याच्या हातावर चणे ठेवताना कडक सलाम ठोकायची आणि खिदळायची. मी दोघातिघांचे कान पिरगाळले. तो म्हणायचा, "मारू नको गं. चने द्यायला तर येतात."

पंच्याऐंशी सालच्या सुमाराला त्याचं खाडीवर जाणं थांबलं. पुतण्या सातिवलीच्या कारखान्यात लागला होता, घरात पापलेट विकत यायला लागलं होतं, पण म्हाताऱ्याला आपला पाग ओट्यावर समोर टांगलेला लागायचा. मेडलं इतकी झिजली होती की राजाचं तोंड गेलं होतं. अंथरुणाला खिळल्यावर मला बोलावून म्हणाला, "सरपंच येनार माज्या मातीला. झेंडा आननार, बिगूल आननार. तू त्याला हाकल."

"मीच का हाकलू? तू आत्ताच सांगून ठेव."

"तुझा आवाज मोठा हाय," तो म्हणाला. आणि हसला.

पावसाळा संपता संपता तो गेला. सरपंच खरंच आले, माजी सैनिक असं लिहिलेली रिबिन लावलेला हार घेऊन. मी त्यांना फाटकातच अडवलं. ते म्हणाले, "बाई, कमाल करता. तेव्हाचे वाद तेव्हा. आता माणूस गेला, आता तरी मान द्या." मी म्हटलं, "तुम्ही साधे या, गावचे म्हणून या, खांदा द्या." त्यांनी रिबिन काढली आणि खांदा दिला. त्यांचं हे मी विसरणार नाही. त्याला शवपेटीत ठेवला तो पायात बूट न घालता; कारण मला ठाऊक होतं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. रोजाबय आली नाही. दारात बसून होती, प्रेतयात्रा समोरून गेली तेव्हा तिने क्रुसाची खूण केली, एवढंच.

आणि गंमत बघा, लगेच महिनाभरात कमिटीला जाग आली. गुरुजी थकले होते, ते म्हणाले, "करा, माझी हरकत मी माझ्याबरोबर नेतो." बोलायला सोजीरबाबा नव्हता. ठराव एकमताने झाला: इनासचं नुसतं नाव कोरायचं, पुढे एक अक्षर नको. ना मान, ना अपमान. दोन नोव्हेंबरच्या सकाळीच पाथरवटाला बोलावलं, म्हणजे म्हातारीच्या डोळ्यांदेखत काम होईल. मला मनातून वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. तिला सांगायला मीच पुढे गेले.

रोजाबय क्रुसाच्या पायथ्याशी बसली होती, अगदी वाकलेली. समोर टोपली होती, आणि टोपलीत काळी, भुसभुशीत, केळीच्या मुळांचे तंतू असलेली माती. सोजीरबाबाच्या वाडीची. पुतण्याच्या मुलीकडून तिने ती मागवून घेतली होती. इनासची कबर थापून झाली होती. तिच्या शेजारी, तेवढीच लांब, तेवढीच रुंद, ती दुसरी थापत होती.

मला वाटलं, अखेर राग गेला म्हातारीचा. मी म्हटलं, "बय, ही सोजीरबाबाची?"

"त्याला कबरस्तानात हाय की," ती म्हणाली. "ही त्या बांबूवाल्या पोराची. त्याच्या आयला कोनी सांगितलं असंल काय, कुठं पडला?"

मी तिच्याजवळ बसले. जरा वेळाने सांगितलं, की बय, ठरलं, नाव कोरायचं ठरलं, तो बघ पाथरवट येऊन बसला आहे. तिने त्याच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं.

"आनि ह्याचं?" तिने दुसऱ्या कबरीवर हात ठेवला.

"ह्याचं नाव कोणाला माहीत, बय?"

"पास्कूला ठावूक व्हतं?"

"नाही."

ती मातीवरून हात फिरवत राहिली, कडा नीट केल्या, दोन्हींवर झेंडू सारखे वाटून घातले. मेणबत्ती तिच्या हातून पेटेना, म्हणून दोन्ही मी लावल्या.

"मग इनासचंबी कोरायचं र्‍हाऊ दे," रोजाबय म्हणाली.

पाथरवट छिन्नी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.